बोलघेवडा डबा

काकू : त्याचं तोंड बंद करता येतं की नाही, तेवढं सांगा.

सेक्रेटरी : काकू, तो कचऱ्याचा स्मार्ट डबा आहे. ओला-सुका चुकला की फोटो काढतो आणि घरनंबरासकट बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकतो. त्याला तोंड कुठे आलं?

काकू : ग्रुपवर टाकतो, तेच तोंड. तुमच्याकडून केकचा खोका गेला, तर तुमच्या शुगरची चर्चा पार गच्चीपर्यंत पोचली.

सेक्रेटरी : तो पाहुण्यांसाठी होता. पण कचरा निम्म्यावर आला, हे तर मान्य कराल?

काकू : उरलेला निम्मा शेजारच्या बिल्डिंगमध्ये जातो. वरचे वकीलसाहेब ऑफिसच्या बॅगेतून बाटल्या नेतात. खळखळ ऐकू नये म्हणून टॉवेलात गुंडाळून.

सेक्रेटरी : तरीच तिथला सेक्रेटरी मला बघून मान फिरवतो. पण डबा हवा म्हणून तुम्हीच माझ्या मागे लागला होतात.

काकू : कचरा वेगळा व्हावा म्हणून. त्यातून माणसं हुडकायला नव्हे.

सेक्रेटरी : ज्याला लपवायचं नाही त्यानं घाबरायचं कशाला, असं कंपनीचा माणूस म्हणाला.

काकू : (खुर्ची ओढून बसत) परवा आमच्या सुनेनं घरीच तपासणी केली. दिवस गेलेत का, त्याची. पट्टी चुकून ओल्या कचऱ्यात पडली.

सेक्रेटरी : हो, मी अभिनंदनसुद्धा...

काकू : सगळ्यांनीच केलं. तिसऱ्या मजल्यावरून तर झबलं आलं. पट्टीवर रेघ एकच होती, ती कोणी पाहिली नाही. तेव्हापासून सून खाली उतरलेली नाही.

सेक्रेटरी : मी आत्ता ग्रुपवरून तो फोटो काढून टाकतो. कॅमेरा बंद करायला मात्र ठराव लागेल.

काकू : बसवताना घेतला होता?

सेक्रेटरी : सवलत संपत होती, घाई झाली. बरं, असं करू. आजच कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावतो. रविवारी मीटिंग घेऊ. डब्यानं अख्ख्या बिल्डिंगचं मिळून वजन तेवढं सांगायचं. फोटो नाही, घरनंबर नाही. आणि पुढचं कुठलंही यंत्र काय बघणार, कोणाला सांगणार, हे आधी सगळ्यांना विचारायचं.

काकू : वकीलसाहेबांकडून मसुदा करून घ्या. बाटल्या इथेच टाकता येणार म्हटल्यावर फुकट करून देतील.

सेक्रेटरी : सूनबाईंची माफी मागायला येऊ?

काकू : नको. जिन्यात भेटली तर पाणी आलं का, एवढंच विचारा.