नाक कुणाचं?

लिफ्टच्या रांगेत माझ्यापुढे एक बहीण-भाऊ होते. नुकतेच वकीलबाईंच्या ऑफिसातून बाहेर पडलेले.

"मी फोनवर होते. काय म्हणाल्या, नीट सांग."

"ताई, नोकरी सोडल्यावर दोन वर्षं दुसऱ्या साबण कारखान्यात वास जुळवायचं काम करायचं नाही, असं लिहून दिलंय ना मी? ती अट कोर्टात टिकणार नाही म्हणाल्या."

"तुझी सही आहे तरी?"

"सही असली तरी. फक्त जुन्या कारखान्याच्या मिश्रणांची मापं कुणाला सांगायची नाहीत. सांगितली, तर मात्र मी अडकलोच."

"मग सोमवारी नव्या कारखान्यात रुजू हो."

"मी विचारलं, बारा वर्षं त्यांनीच शिकवलं, मग हे नाक कुणाचं?"

"हसल्या असतील."

"नाही गं. म्हणाल्या, शिकलेलं शिकणाऱ्याचंच."

"मग नाकाखालचा तो बाम पूस आता! दुसरा वास येऊ नये म्हणून महिनाभर फासून बसलायस."

"वास आला की डोक्यात आपोआप जुळवाजुळव सुरू होते. वाटायचं, तेही कराराविरुद्ध असेल."

"अरे वेड्या! घे रुमाल."

त्यानं नाक पुसलं, डोळे मिटले.

"ताई, तुझ्या पिशवीत नुकती तासलेली पेन्सिल आहे. खालच्या मजल्यावर कुणीतरी फिनेलनं फरशी पुसतंय. मागच्या बाईंच्या हाताला लवंगेचं तेल आहे, दोन दिवसांपूर्वीचं."

ते तेल मी परवाच प्रयोगशाळेत काढलं होतं.

"लिफ्ट आली रे, चल."

"जाऊ दे ती. बारा वर्षांत आज पहिल्यांदा स्वतःसाठी वास घेतोय."