‘फिर से देख लेना’

काळ्या बोर्डासमोर इंजेक्शनची कुपी उलटी करून सरळ धरली, की काचेचा कण आधी लकाकायचा, मग गोल फिरत सावकाश तळाशी बसायचा. संबोधीने ती कुपी ट्रेमध्ये ठेवली, तोच फोन वाजला. महूहून तिची मोठी बहीण, गिरिजा.

“हां, बोल ताई… नाही गं, लॅबमध्येच आहे अजून… खाल्लं ना, पोहे खाल्ले… अगं, इंदुरात पोहे म्हणजे जेवणच.”

“काय?… तुला कोणी सांगितलं?… भाऊजींनी? ते आमच्या कंपनीत असले तरी डिस्पॅचला बसतात, त्यांना लॅबचं कसं कळलं?… प्लँट मॅनेजर अच्युत सरांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं? चहा पाजला?… ताई, तो माणूस कोणाला फुकट पाणी पाजत नाही.”

“नाही, मला ‘बॅच पास करा’ म्हणाले नाहीत. म्हणतच नाहीत कधी. दारात उभे राहतात, ‘मॅडम, जरा फिर से देख लेना,’ आणि जातात. मग आम्ही त्याच बॅचमधल्या नव्या कुप्या काढतो. त्यांत कण दिसला नाही, की आधीच्या गेल्या कचऱ्यात… हो, सगळेच करतात. म्हणून काय काच विरघळते का?… अगं ऐक ना… बारीक असू दे. माणसाच्या शिरेत जाणार आहे ते.”

पलीकडून ताई बराच वेळ बोलत राहिली. संबोधीने चष्मा काढला, ॲप्रनला पुसला, पुन्हा घातला.

“माझी नोकरी जाईल तर जाऊ दे… भाऊजींची? सर असं बोलले?… बोलले नाहीत. मग काय विचारलं?… ‘मॅडम आपकी साली लगती हैं ना?’ बस, एवढंच?… हां. एवढंच पुरतं.”

“तू माझ्यावर का चिडतेस?… नाही, मला शहाणपणा मिरवायचा नाहीये. मला तर एवढा राग येतोय ना, यार… सोमवारपासून मी सरांना ‘बघते, बघते’ म्हणतेय, ते कोणासाठी? तुमच्या घरासाठीच ना? आणि तेवढ्यात सरांनी माल गाडीत चढवूनसुद्धा घेतला. माझी सही व्हायच्या आधी. त्यांना खात्री आहे ना माझी.”

“थांब. तुझा आवाज असा का घुमतोय?… स्पीकरवर ठेवलंयस?… भाऊजी शेजारी बसलेत?”

‘बंद करते’ म्हणत ताईने घाईने फोन उचलला.

“नको, बंद नको करू. ऐकू दे त्यांना… भाऊजी, तुम्ही घाबरलात त्याचा मला राग नाही. मीही घाबरलेय… ऐका. गाडी सकाळी निघणार ना?… मग आत्ताच फाटकावर फोन करा. माल उतरवायला सांगा.”

तिने बॅचचा कागद पुढे ओढला.

“कारण विचारलं तर माझं नाव सांगा. ही बॅच मी नापास केली आहे.”