शेपटीचं दुखणं

जनावरांच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलो होतो. समोरच्या बाकावर कुत्रा मांडीवर घेतलेल्या एक काकू आणि शेजारी मांजरवाली मुलगी.

"शेपटीला काय झालं हो याच्या?" मुलीनं विचारलं.

"भिंतीवर आपटून आपटून सोलवटली. आमचे हे कामावरून आले की याचा आनंद मावत नाही बघ."

"रोज?"

"रोज! नुसता कचरा टाकून आले तरी तेच. कौतुक वाटतं बाई, किती जीव लावावा एखाद्यानं!"

"आणि तुम्ही, काकू?"

"मी आतूनच ओरडते, चपला बाहेर काढा म्हणून. काल म्हटलं, याच्याकडून आपणही शिकावं. हे आले तशी याच्या आधी मीच पळत दाराशी गेले."

"मग काका खूश?"

"कसले खूश! पांढरेफटक पडले. म्हणाले, 'कोण गेलं?'"