हौसाची पिकअप

गाव माझं खटाव तालुक्यातलं, पावसाची कायम बोंब, म्हनून घरटी एक गडी फौजेत. मी पन गेलो. पन बंदूक थोडी आन पाना जास्त, असं झालं माझं, कारन मला टाकलं गाड्यांच्या वर्कशॉपात आन तितंच उमर गेली. शेवटचं पोस्टिंग दिल्ली कँट. पोरगं सुनील हितल्या शाळंत व्हतं, म्हनलं त्याची बारावी हुंद्या मग गावाला जाऊ, बारावी झाली, म्हनलं नोकरी लागुंद्या, नोकरी लागली, लगीन झालं, मयूर विहारला फ्लॅट झाला, आन आमी आपलं जाऊ जाऊ म्हनत हितंच मुरलो. काय सांगू तुमाला, जाऊ म्हननाऱ्याचाच पाय जास्त रुततो.

पेन्शनीत आल्यावर घरात बसवंना, मग नवी कोरी पिकअप घेतली, आमच्या मंडळींच्या नावावर, हौसाच्या. सकाळी गाझीपूरच्या मंडीतनं फुलं उचलायची आन पहाडगंजला दुकानदारांना पोचवायची. हौसा शेजारी बसायची. घरी बसून काय करू म्हनायची, आन खरं सांगायचं तर तिला हिंदी कधी धड आली न्हाई, शेजारनींत तिचं मन लागलं न्हाई, गाडीत मातुर सगळा वेळ मराठी. यमुनेच्या पुलावर चढलो की म्हनायची, अवं, गावाला मी रेल्वेनं न्हाई जायची, माझ्या गाडीत बसून जायची, येशीतनं आत, काच खाली करून, समद्यांनी बघाया पायजे. मी म्हनायचो, जाऊ की. मागल्या हिवाळ्यात तिची छाती भरली आन हां हां म्हनता गेली. गावाला न्यायची ऱ्हाईली ती ऱ्हाईलीच.

आता दिल्लीचा कायदा असा, की डिझेल गाडीला धा वर्सं झाली की तिनं हितनं जायचं, येक तर भंगारात न्हाई तर बाहेरच्या राज्यात. मी म्हनलं, गावाला नेतो, मी सोता चालवत नेतो. आन नेमकी तवाच गाडी बंद पडाय लागली. म्हंजे कशी, तर सकाळी झकास चालू व्हायची, थोडी पळली की दम सुटल्यावानी करायची, गचके खायची आन गप. जरा वेळ हुभी केली की पुन्यांदा चालू, जशी काय झालंच न्हाई. येकदा भर पुलावर थांबली, मागं ह्ये हॉर्न, सुनील शेजारी व्हता. त्याची मराठी तशीच हाय, अर्धी हितली. म्हनला, पापा, ही तर इथंच मरतेय, तुम्ही हिला एवढं लांब कसं नेणार, भंगारमध्ये देऊन टाका यार, मी ट्रेनचं तिकीट काढतो. मी म्हनलं, ती तुझ्या आईची गाडी हाय. तो म्हनला, मम्मीची आहे म्हणूनच सांगतोय, हायवेवर तुम्हाला काही झालं तर? त्याचं चुकत न्हवतं. मग ठरलं, गुडगावला जाऊन माघारी यायचं, येकदा जरी बंद पडली तरी भंगार, न्हाई पडली तर दिल्लीभाईर न्यायचे कागद सुनीलनं करून द्यायचे.

आमचा उस्ताद व्हता वर्कशॉपात, पंजाबी, तो सांगायचा, इंजन रुका तो पहले देखो, खाना मिल रहा है कि नहीं. म्हनून डिझेल फिल्टर बदलला, पायपातली हवा काढली, तरी त्येच. मिस्त्री म्हनला, फौजी साब, पंप गया. मला पटंना. पंप गेला असता तर थोडं थांबून गाडी अशी हसत चालू झाली नसती. मग मी काय केलं, टाकीचा पाईप काढला, डिझेलचा येक डबा बांधला आन पंपाला थेट त्यातनं पाजलं. तशीच फिरवली नोएडाच्या रस्त्यानं, काय बी न्हाई, पळतीया आपली. म्हंजे दुखनं टाकीत.

रविवारी टाकी खाली घेतली, सुनीलनं धरली. आत पायपाच्या तोंडावरची जाळी गंजून फाटलेली, आन त्या तोंडाशी तांदूळ. व्हय, तांदूळ. इंजन वडायला लागलं की दाने तोंडात जाऊन बसायचे, बंद झालं की सुटून खाली पडायचे. टाकी उपडी केली तर मूठभर निघाले. सुनील भडकला, पापा, ये चावल किसने डाला, मंडीतल्याच कुणीतरी केलंय हे. मला बी तसंच वाटलं, शिवी तोंडात आली व्हती. मग दाने हातावर घेतले. समदे अख्खे. येक तुकडा न्हाई, येक कनी न्हाई. खायच्या तांदळात कनी असतीच, दुश्मन काय निवडून टाकतो व्हय? निवडून घेत्यात त्या अक्षता. अक्षतंला तुटका दाना चालत न्हाई.

दर दसऱ्याला हौसा गाडीची पूजा करायची आन टाकीच्या झाकनाची चावी मागून घ्यायची. मी म्हनायचो, पूजा बॉनेटची करायची, तितं काय हाय? ती म्हनायची, बेंदराला बैलाच्या तोंडात घास देतो का न्हाई? मी म्हनलो, गाडीला कुठलं तोंड? तर म्हनती, मग डिझेल कुठनं पितीया? मी हसलो व्हतो, म्हनलं चेष्टा करतीया. चेष्टा न्हवती वो. दर वर्सी चिमूटभर घास तिनं दिला व्हता, आन जाळी धड व्हती तवर जाळीनं तो बाहेर थोपवला.

सुनीलला अक्षता ह्यो शब्द ठावा न्हवता. म्हनला, वो शादी वाले चावल? म्हनलं, त्येच. तुझ्या आईनं घातल्यात. तो टाकीपाशी खाली बसला, ती गेल्यावर पहिल्यांदा मोठ्यानं रडला. मी पन रडलो, झाकून काय ठेवू.

नवी जाळी घातली, टाकी धुतली. गुडगावला जाऊन आलो, कुठं आडली न्हाई. सुनीलनं बोलल्याप्रमानं कागद करून आनले. पन त्या अक्षतांचं काय करावं सुचंना. चिमन्यांना घातल्या तर चिमन्या मरतील, तुळशीत घातल्या तर तुळस जळंल, डिझेल प्यालेलं त्ये. धुतल्या, गॅलरीत वाळवल्या, तरी वास जाईना.

आज निघतोय बगा. सामान चढवलंय, शेजारची सीट मोकळी ठेवलीय. मगाशी सुनील पाया पडला. गॅलरीत जाऊन त्यानं सोताच त्या अक्षता आनल्या, माझ्या हातावर ठिवल्या आन डोकं वाकवून म्हनला, पापा, मम्मीच्या आहेत, माझ्यावर टाका. मी म्हनलं, आरं, वास मारतोय. तो म्हनला, मारू दे. समद्या त्याच्या डोक्यावर टाकल्या. म्हनलं, सुखी ऱ्हा.