मांडीवरचं बाळ

तुम्हाला सांगते, आमच्या काळाचौकीच्या मंडळाने यंदा मंडपात चाळीतले घराघरातले जुने फोटो मांडलेत. पहिलाच मोठा फोटो शेजारच्या शिल्पाच्या आजेसासूबाईंचा. स्टुडिओत काढलेला, मागे पडद्यावर रंगवलेला महाल, मांडीवर गुटगुटीत बाळ. सगळे तिथेच थांबत होते. आमच्या घरात जुना फोटोच नाही. मी नुसती जळत उभी.

त्यात शिल्पा माझ्या कडेवरच्या ओमकडे बघून म्हणाली, "आमच्या घराण्यात बाळं अशीच असतात गं. हा खातो तरी का काही?"

ओम अंगाने बारीक, त्याचा मला आधीच घोर.

सासूबाई चष्मा लावून पुढे झाल्या. "शिल्पा, त्या दिवशी तुझे सासरे रडायचे थांबेनात. फोटोवाला वैतागला. मग तुझ्या आजेसासूने आमच्या घरचं बाळ मागून नेलं. हे आमचे हे, ओमचे आजोबा. माझ्या सासूबाई सांगायच्या."

शिल्पा पुढच्या फोटोकडे सरकली. मला बरं वाटायला हवं होतं. पण फोटोखाली बाळाचं नाव अजून तिच्या सासऱ्यांचंच आहे. भाजीला जाताना रोज वाचते आणि रोज जळते.