तिला काहीतरी लिहायला द्या

"हॅलो? … हॅलो, मॅडम? … मी बोलते, अमृताची आई… भाजे गावाहून… व्हय, सहावीतली अमृता… न्हाई न्हाई, पोर बरी हाय. ताप-बीप काय न्हाई… तुमी बेगडेवाडीला उतरला का? … घरी पोचला? मंग दोन मिंटं बोलू का?"

दोन मिनिटं म्हणत अनिता गोठ्यामागच्या पाण्याच्या टाकीला टेकली. तिचा फोन साधा, बटनांचा, आणि त्याला रेंज यायची ती या टाकीपाशीच. वाळत घातलेले कपडे काढून आणते, असं घरात सांगून ती आली होती. कपडे कधीच काढून झाले होते आणि खांद्यावर पडून होते. खोटं बोलायची सवय नसली की एवढंसं खोटंसुद्धा असं अंगावर वागवावं लागतं.

"एक मागायचं हुतं मॅडम… न्हाई, दाखला नको… शिष्यवृत्तीचं पन न्हाई. तुमी घरचा अभ्यास द्यायचा बंद केला ना… व्हय, गृहपाठ. तो परत चालू करा… हॅलो? … ऐकू येतंय ना? … बंद न्हाई ओ, चालू. चालू करा म्हणते मी."

पलीकडून हसल्याचा आवाज आला. मॅडमना हसू येणारच. गृहपाठ बंद झाल्यापासून त्यांना जे फोन येत होते, ते सगळे आभाराचे.

"व्हय, मीटिंगला हुते की मी. मागं बसले हुते… टाळ्या? वाजवल्या. समद्यांनी वाजवल्या, मी पन वाजवल्या. तवा कळलं न्हाई मला."

दिवाळीनंतरच्या त्या मीटिंगला अनघा मॅडम बोलल्या मात्र फार छान. पोरं दिवसभर शाळेत मान मोडून बसतात आणि घरी आली की पुन्हा वही, म्हणजे शाळा सुटते तरी कधी, असं त्यांनी विचारलं. खेळू द्या, हिंडू द्या, मोकळा वेळ द्या, असं सांगितलं. बाया डोळ्याला पदर लावून ऐकत होत्या. बोलणं गोड होतं, शिवाय खरंही होतं. पण एकच औषध सगळ्या घरांना कसं लागू पडावं?

"तुमचं बराबर हाय… सुहास रडायचा, ठावं हाय मला. त्याची आई लाटणं घिऊन बसायची पाढे घ्यायला… व्हय, त्याचं बरं झालं. तो आता चेंडू खेळतो. पन माझी पोर खेळत न्हाई मॅडम… आवडतं ओ तिला, न आवडायला काय झालं. सोडतंय कोण?"

आणि मग ती पटापट सांगत सुटली. माणूस आधी जुळवून ठेवलेलं बोलतं तेव्हा श्वास घ्यायला विसरतं, तसं.

"आमच्या घरी शनवार-रविवार लोकं जेवाय येत्यात ना… लेणी बघून, किल्ल्यावरनं उतरून… पिठलं-भाकरी, ठेचा. सासूबाईंचं हाय ते. आता तर मधल्या वारी पन येत्यात. पाणी भरा, ताटं लावा, खरकटं काढा, भांडी… मी करते ओ, माझं काय न्हाई. पन आधी अमृता वही घिऊन बसली की सासूबाई तिला हाक मारत नव्हत्या. एकदा पन न्हाई."

हे मात्र शंभर टक्के खरं. सासू धोंडाबाई म्हणजे कुणाचं ऐकणारी बाई नव्हे. सरपंचाला दारातून परत पाठवेल, पोटच्या पोराला गिऱ्हाइकांसमोर झापेल. पण आयुष्यात शाळेची पायरी न चढलेल्या या म्हातारीला धाक होता तो शाळेचाच. शाळेनं दिलेलं काम म्हणजे तिच्या लेखी देवाचं काम, ते अर्धं टाकून उठायचं नसतं. नातीच्या मांडीवर वही दिसली की ती स्वतः उठून हंडा उचलायची आणि जेवायला आलेल्या मंडळींनाही दटावायची, पोर लिहितीय, हळू बोला.

पोरीला सांगावं लागतं म्हणून अनिताही शेजारी बसायची. अपूर्णांकांची बेरीज ती कधीच विसरून गेली होती, ती लेकीबरोबर पुन्हा शिकली. त्या घरात तिच्या पाठीला भिंत लागायची ती तेवढाच वेळ, आणि तो वेळ तिला फार आवडायचा.

"कुणी सांगितलं म्हंजी? … अमृतानंच सांगितलं. शाळेतनं उड्या मारत आली. आज्जे, घरचा अभ्यास बंद, मॅडमनी बंद केला… लेकरू हाय, आनंद झाला तिला. त्याच सांजंला सासूबाईंनी परात फुडं सारली. शाळेचं काम न्हाई ना आता, मंग घरचं कर म्हणल्या… न्हाई ओ, मारत-बिरत न्हाईत. लय माया करत्यात. पन बसून ऱ्हायलेलं माणूस त्यांना बघवत न्हाई."

"मी सांगून बघितलं ना… खोटंच सांगितलं, अभ्यास दिलाय म्हणून. मंग ह्यांनी फोन उघडला. तुमचा ग्रुप… त्यात मोठ्या अक्षरात, आजपासून गृहपाठ नाही. खाली फुलं टाकली हुती तुमी… व्हय, सासूबाईंना वाचून दाखवलं. तवापास्नं माझं कोन ऐकतंय."

घरातून हाक आली.

"आले… आले ओ, कापडं काढते… तुमाला न्हाई मॅडम, सासूबाईंना. ठेवू नका… मेन ऱ्हायलंच."

अनितानं आवाज खाली आणला आणि टाकीच्या पलीकडच्या बाजूला गेली.

"माझी नणंद हाय, ज्योत्स्ना. लोणावळ्याला. तुंगार्लीत एका बंगल्यावर काम करती… व्हय, मुंबईची लोकं येत्यात शनवार-रविवार. त्यांचं बाळ हाय लहान. त्याला धरायला पोरगी पायजे… व्हय… अमृता… उद्या. उद्या सकाळची शाळा सुटली की वन्सं तिकडनंच घिऊन जाणार. रविवारी सांजंला आणून सोडणार… शाळा कुटं बुडती? तेच तर म्हणत्यात सगळे. शाळा बुडत न्हाई, अभ्यास पन न्हाई, मंग पोर घरात करती काय."

"तक्रार? … कुणाची करू, नवऱ्याची का सासूची? अन् करून ऱ्हायचं कुटं मी? … काम न्हाईच म्हणत ओ त्याला कोन. बाळ खेळवायचं म्हणत्यात. बंगला बघंल, पव्हायचा हौद बघंल, चांगलंचुंगलं खाईल… असंल, खरं पन असंल ते. अमृता तर नाचतीय. तिला जायचंय."

मॅडमनी विचारलं असणार, मग भीती कसली. कारण अनिता पुढचं बोलली तेव्हा तिनं पाठ केलेलं सगळं संपलं होतं.

"मी आठवीत हुते मॅडम. वडिवळ्याला, माहेरी. मे महिन्यात मावशीनं नेलं, बाळंतिणीच्या हाताखाली. सुट्टीपुरतंच… सुट्टी संपली, पन बाळ कुटं मोठं झालं हुतं… न्हाई. परत न्हाई गेले… बंद कोनी केली न्हाई ओ शाळा. कोनी जाऊ नको म्हणलं न्हाई. ऱ्हायली ती ऱ्हायलीच."

नाक पुसायला तिनं खांद्यावरचा नवऱ्याचा शर्ट घेतला.

"म्हणून म्हणते, काय पन द्या. पाढे द्या. एकच धडा धा वेळा लिहायला द्या. दोन दिवस पुरलं पायजे एवढं… तपासू नका तुमी, तपासायचं कोन म्हणतंय. वही उघडून पन बघू नका. तिला काहीतरी लिहायला द्या, बास… एकटीला न्हाई, समद्यांना टाका. ग्रुपवर. म्हंजी माझं नाव येणार न्हाई."

"मोठ्या सरांना इचारायला लागंल? … तुमीच बंद केला ना पन… व्हय, पेपरात फोटो आलेला बघितला. गृहपाठमुक्त शाळा… पावणे येणार हायेत बघायला? … व्हय, मंग सर चिडणारच… दुसऱ्या पोरांचं पन खरं हाय तुमचं. सुहासचं परत सुरू व्हईल… कळतंय मला. मला काय सुहासचं वाईट नकोय."

आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी गत झाली. शाळा गृहपाठ देईना, आणि गृहपाठाशिवाय घर पोरीला बसू देईना. मॅडमचा राग यावा तर त्या चांगल्या. सासूचा यावा तर तीही नातीवर जीव टाकणारी. रागवायला एक माणूस हाताशी असतं तर अनिताला तेवढाच आधार झाला असता.

"तुमी घरी येता? … कधी? … सोमवारी. सोमवारी तर ती जाऊन आल्याली असंल मॅडम. एकदा गेली की दर शनवारी वन्सं न्यायला येणार… आत्ता सासूबाईंशी? नको नको. हिनं चुगली केली म्हणत्याल. तोंड दाबून बुक्क्यांचा मार व्हईल मला."

"काय? … लेखी देता येत न्हाई… मंग? … उपक्रम? उपक्रम म्हंजी गृहपाठच ना ओ? … त्याला सर काय म्हणणार न्हाईत? … शनवार-रविवारचाच ना? … आत्ता टाकता? मॅडम, लय… न्हाई, बोलू द्या मला… मॅडम, तेवढं 'बंधनकारक' लिहा त्यात. व्हय, करणं बंधनकारक. सासूबाईंना असला शब्द लागतो… टाका. टाका, मी थांबते."

ती थांबली. आपल्या बोलण्यानं काही झालं, असं तिच्या आयुष्यात फार वेळा घडलं नव्हतं. उद्या दुपारी वन्सं शाळेच्या दारातून हात हलवत परत जाईल, पोर चार दिवस रुसेल, रुसू दे. रविवारी ओट्यावर वही उघडी असेल आणि आपण शेजारी बसू. आनंद झाला तिला, आणि तो आवरावासाही वाटला नाही.

"वाजला… ह्यांचा फोन वाजला मॅडम. वाचत्यात… ठेवू नका, ऐकते जरा."

गोठ्याच्या भिंतीआड अनिताचा नवरा कैलास अक्षर लावत मोठ्यानं वाचत होता. विद्यार्थी मित्रांनो, शनिवार-रविवारचा उपक्रम, करणे बंधनकारक. वही-पेन बाजूला ठेवा. घरातील मोठ्या माणसांना त्यांच्या रोजच्या कामात दोन दिवस मदत करा. श्रमाचा आनंद घ्या. काम करतानाचा फोटो ग्रुपवर पाठवा.

धोंडाबाईनं ते त्याच्याकडून दोनदा वाचवून घेतलं. मग तिचा खणखणीत आवाज आला, "बग, शाळेनंच सांगितलं. आत्याचं काम ते घरचंच काम. ज्योत्स्नाला फोन लाव, म्हणावं बंगल्यावर चांगला फोटो काढ पोरीचा. आन् पुरं दोन दिस ठिवून घे, रविवारी सांजंच्या आदी आणू नको. शाळेचं काम हाय."

करायला गेली गणपती आणि झाला मारुती. म्हातारी आतापर्यंत थोडी कचरत होती, परक्याच्या घरी पोर पाठवायची म्हणून. ते कचरणंही आता संपलं.

"हॅलो… हाय, हाय मी… आला मेसेज… व्हय, बंधनकारक पन वाचलं ह्यांनी… खूश? … व्हय, झाल्या. सासूबाई लय खूश झाल्या… न्हाई, रडत न्हाई. सर्दी झालीय… मॅडम, ते मदतीचं तेवढं काढता येईल का? त्याच्या जागी निबंध… समद्यांनी बघितलं? … अंगठे पन आले… सरांनी पन टाकला अंगठा. मंग ऱ्हाऊ द्या."

"न्हाई, तसं न्हाई… मदत तर ती रोजच करती ना मॅडम. त्यांनी आता बंगल्यालाच… व्हय. व्हय, तेच. मदत म्हणूनच पाठवत्यात… तुमची काय चूक न्हाई ओ. तुमी चांगल्यासाठी टाकलं… न्हाई, आता सांगून काय उपेग न्हाई. शाळेचा शब्द एकदा पडला की त्या मागं घेत न्हाईत."

गोठ्याला वळसा घालून अमृता धावत आली. बापाच्या फोनवर तिनं सगळं स्वतः पुन्हा वाचलं होतं. तिनं आईचा हात धरून काहीतरी विचारलं.

"थांब गं… अमृता आलीय मॅडम, हितं. इचारती, बंगल्यावर फोटो काढताना शाळेचा ड्रेस घालू का म्हणून… काय सांगू तिला? … हॅलो? … मॅडम? … हॅलो?"

फोन चालू होता. पलीकडून कुकरची शिट्टी ऐकू आली. अमृता आईच्या तोंडाकडे बघत उभी होती.

"घाल बाई. शाळेचं काम हाय, शाळेचाच घाल… ठेवते मी, मॅडम."