पहिली फेरी

हाडांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी आमच्या भागातलं सायकल मंडळ काढणारे काका बसले होते. डॉक्टरांकडून ते नुकतेच बाहेर आले होते. तेवढ्यात मंडळातली एक मुलगी धापा टाकत आली.

"काका, आपली सायकलवाट झाली! रविवारी पहिली फेरी तुमचीच."

"डॉक्टर म्हणतात, हा खुबा आता सायकलला चालायचा नाही."

"कधीच?"

"कधीच. या वाटेसाठी पालिकेत चपला झिजवल्या गं. एकदा तरी जायचं होतं तिच्यावरून."

"मग फीत तरी कापा."

"फीत कुणीही कापेल. मला उतारापाशी एक खुर्ची टाकून दे."

"बघायला?"

"ऐकायला. उतारावर पाय थांबले की चाक कसं टिकटिकतं, ते."

"मी येताना घंटी वाजवू?"

"नको. घंटीत ते ऐकू यायचं नाही."